शेवटच्या इंजेक्शनची तारीख लिहून ठेवा

तीन महिन्यांचं इंजेक्शन बंद केलं, आता मूल हवं आहे, पण महिन्यामागून महिना जातो आणि दिवस राहत नाहीत. या काळजीत असलेल्या प्रत्येकीला आधीच सांगून टाकते: या इंजेक्शनने वांझपण येत नाही. उशीर मात्र होतो. तो का होतो आणि साधारण किती होतो, हे डॉक्टरांना चाळीस वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. इंजेक्शन घेणाऱ्या बाईलाही ते माहीत असायला हवं, तिच्या नवऱ्याला, सासूला आणि आईलाही. हा उशीर माहीत नसला की घरात संशय शिरतो, बोलणी सुरू होतात, आणि जे थोडी वाट पाहून होणार असतं त्यासाठी पैसा आणि तब्येत दोन्ही खर्ची पडतात.

मी बोलते आहे ते डीएमपीए या गर्भनिरोधक औषधाबद्दल. सरकारी दवाखान्यात ते ‘अंतरा’ या नावाने मोफत मिळतं. केंद्र सरकारने २०१७ साली ते कुटुंब नियोजनाच्या कार्यक्रमात आणलं. सुरुवातीच्या दहा राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते. खासगी दवाखान्यांत हेच औषध ‘डेपो’ म्हणून त्याच्या कितीतरी आधीपासून दिलं जातं. दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन घेतलं की तेवढे महिने निश्चिंत. रोज गोळी आठवायला नको, आत काही बसवायला नको. बाळ दीड महिन्याचं झालं की दूध पाजणाऱ्या आईलाही ते घेता येतं. साधन चांगलं आहे. ज्यांनी ते घेतलं त्यांनी काही चूक केलेली नाही.

अडचण अशी की ते घेणाऱ्या बाया आपल्याकडे फार थोड्या आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित बायांपैकी जेमतेम ०.६ टक्के बाया इंजेक्शन वापरत होत्या. ऑपरेशन कसं असतं, तांबी कशी असते हे गल्लीतली कुणीही सांगू शकते. इंजेक्शन सोडल्यावर काय होतं, हे सांगणारी जाऊ किंवा शेजारीण सापडत नाही. मग ऐकीव गोष्टींना जोर चढतो. ‘त्या इंजेक्शनने पिशवी सुकते’, ‘रक्त आत साठून गाठ होते’ अशी वाक्यं गावोगाव फिरतात. दोन्ही खोटी आहेत.

उशीर का होतो

हे औषध पाण्यासारखं पातळ नसतं. त्यात औषधाचे अतिशय बारीक कण असतात. इंजेक्शन स्नायूत दिलं की ते कण तिथेच राहतात आणि तोंडातली खडीसाखर विरघळावी तसे हळूहळू विरघळत रक्तात उतरतात. म्हणूनच इंजेक्शनची जागा चोळायची नाही, शेकायची नाही, असं नर्सताई बजावतात. रक्तातलं हे औषध मेंदूकडून बीजकोशाला जाणारा निरोप थांबवतं, त्यामुळे दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडणं बंद होतं. गर्भाशयाच्या तोंडाशी असणारा स्राव घट्ट होतो आणि आतलं अस्तर पातळ राहतं.

तीन महिन्यांनी दुसरं इंजेक्शन घ्यायला सांगतात, कारण तेवढे दिवस औषध पुरेपूर काम करेल याची खात्री असते. पण त्या तारखेला औषध एकदम संपत नाही. उरलेले कण पुढेही काही महिने विरघळत राहतात. कुणाच्या अंगातून ते लवकर जातं, कुणाच्या अंगातून सावकाश. ते जोवर पुरतं जात नाही तोवर बीजकोश गप्प असतात, आणि औषध गेलं की आपलं काम पुन्हा सुरू करतात. बीजकोशाला इजा झालेली नसते, पिशवी सुकलेली नसते. इंजेक्शन घेत असताना पाळी थांबते, ती अस्तर पातळ राहिल्यामुळे. जे रक्त तयारच झालं नाही ते साठणार कुठून?

एकदा घेतलेलं असो की दहादा, सोडल्यानंतरचा उशीर जवळजवळ सारखाच असतो. ‘तू फार वर्षं घेतलंस, म्हणून आता भोगतेस’ हे कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका.

किती महिने लागतात

आकडे सांगते, कारण वाट पाहणाऱ्या बाईला आकड्याचा आधार लागतो. मोजणी नेहमी शेवटच्या इंजेक्शनच्या तारखेपासून करायची. ‘आम्ही प्रयत्न सुरू केले’ त्या दिवसापासून नाही, आणि चुकवलेल्या इंजेक्शनच्या तारखेपासूनही नाही.

औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात दिलेलं मोजमाप असं आहे: शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला लागणाऱ्या काळाचा मध्यक दहा महिने आहे. म्हणजे निम्म्या जणींना त्याआधी, निम्म्या जणींना त्यानंतर. सगळ्यात लवकर चार महिन्यांत आणि सगळ्यात उशिरा एकतीस महिन्यांनी दिवस राहिल्याची नोंद आहे. ज्यांना पुढे दिवस राहिले, त्यांच्यातल्या ६८ टक्के जणींना बारा महिन्यांत, ८३ टक्के जणींना पंधरा महिन्यांत आणि ९३ टक्के जणींना अठरा महिन्यांत राहिले.

थायलंडच्या उत्तर भागात, चियांग माईच्या परिसरात, हे इंजेक्शन फार पूर्वीपासून वापरात होतं. तिथे इंजेक्शन सोडलेल्या आणि तांबी काढलेल्या बायांची तुलना झाली आणि १९८० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. शेवटच्या इंजेक्शनचा असर संपल्यावर मोजायला सुरुवात केली, तर दिवस राहायला साधारण साडेपाच महिने लागत होते. तांबी काढलेल्यांना साडेचार. फरक एका महिन्याचा. दोन वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक बायांना दिवस राहिले होते.

आता हे कागदावर मांडून पाहा. समजा, शेवटचं इंजेक्शन १५ जानेवारी २०२५ रोजी घेतलं. १५ एप्रिलपर्यंत त्याचं पूर्ण संरक्षण. एप्रिलमध्ये पुढचं घेतलं नाही, आणि त्या दिवसापासून घरातले मोजू लागले. ऑगस्ट आला, ‘चार महिने झाले, काहीच नाही’ म्हणून कुजबुज सुरू झाली. खरं तर ऑगस्टमध्ये तिच्या अंगात औषधाचा थोडाफार अंश असू शकतो. तिचा दहावा महिना येतो १५ नोव्हेंबरला. बारावा जानेवारी २०२६ मध्ये, आणि अठरावा जुलै २०२६ मध्ये. ऑगस्टमध्ये रडणाऱ्या त्या बाईच्या हातात हा कागद असता, तर तिने दिवाळीपर्यंत शांतपणे वाट पाहिली असती.

म्हणून इंजेक्शनचं कार्ड जपा. ते फेकू नका, हरवू नका. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा बाळंतपणासाठी माहेरी जाताना ते बरोबर घ्या, मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. परक्या गावातला डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारील: शेवटचं कधी घेतलं?

पाळी आली नाही, किंवा वेडीवाकडी आली, तर

इंजेक्शन वर्षभर घेतलेल्या साधारण निम्म्या बायांची पाळी थांबलेली असते. सोडल्यावर ती परत यायला काही महिने जातात. सुरुवातीला कधी नुसते डाग, कधी पंधरा दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी, असं होतं. हळूहळू ती रुळावर येते.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, बीज आधी सुटतं आणि पाळी त्यानंतर साधारण चौदा दिवसांनी येते. त्यामुळे सोडल्यानंतर एकदाही पाळी न येता थेट दिवस राहू शकतात. मळमळ, छाती जड होणं, थकवा असं काही वाटलं तर ‘इंजेक्शनमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका. आशाताईंकडे लघवी तपासायचं ‘निश्चय’ किट असतं, ते वापरा. दुसरी, दवाखान्याशिवाय परस्पर पाळी आणण्याच्या गोळ्या घेऊ नका. त्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पण बीज सुटलं असा त्याचा अर्थ होत नाही.

शेवटच्या इंजेक्शनला वर्ष झालं आणि पाळीचा पत्ताच नाही, तर डॉक्टरांना दाखवा. कपडे भिजून जातील इतकं अंगावरून जात असेल तर लगेच दाखवा. पाळी चुकली आहे आणि ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ येते, चक्कर येते, अशा वेळी तासाभराचाही उशीर करू नका. गर्भ नळीत राहिला असेल तर जिवाला धोका असतो.

मूल कधी हवं, ते आधी ठरवा

हे इंजेक्शन घेताना किंवा चालू ठेवताना नवरा-बायकोने एकमेकांना विचारावं: पुढचं मूल आपल्याला केव्हा हवं आहे? वर्षभरातच हवं असेल तर हे इंजेक्शन तुमच्यासाठी नाही. गोळ्या, निरोध किंवा तांबी घ्या. तांबी काढली की पुढच्याच पाळीच्या महिन्यात दिवस राहू शकतात. नवीन लग्न झालेल्या, एक-दीड वर्ष थांबू म्हणणाऱ्या जोडप्यांनाही हाच सल्ला.

दोन मुलांत नीट अंतर ठेवायचं असेल तर मात्र इंजेक्शन सोयीचं आहे. बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी किमान दोन वर्षं जाऊ द्यावीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पहिलं बाळ तीन वर्षांचं होईल तेव्हा दुसरं यावं, असा विचार असेल तर हिशेब असा: पहिलं सव्वादोन वर्षांचं असताना दिवस राहायला हवेत. तिथून दहा महिने मागे या. म्हणजे शेवटचं इंजेक्शन पहिलं बाळ दीड वर्षाचं होण्याच्या थोडं आधी घ्यायचं. त्याची मुदत संपली की बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत निरोध वापरायचा, आणि मग मोकळं व्हायचं.

ज्यांना आता मूल नको आहे, त्यांना मात्र उलट बजावते. ‘उशीर होतोच, मग चुकलं तर चुकलं’ असं समजून बसू नका. सरासरी दहा महिने असली तरी काही जणींना चौथ्या-पाचव्या महिन्यातच दिवस राहतात. ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत पुढचं इंजेक्शन घेता येतं. ती मुदत टळली तर निरोध वापरा आणि दवाखान्यात जा.

वाट पाहण्याचे महिने वाया घालवू नका

अंगात साठलेलं हे औषध धुऊन काढणारी गोळी नाही, काढा नाही, सलाइन नाही. तसं कुणी सांगून पैसे मागितले तर देऊ नका. ‘पिशवी साफ करून घ्या, म्हणजे लगेच राहील’ म्हणून क्युरेटिंग सुचवलं गेलं, तर सरळ विचारा: कशासाठी? इंजेक्शननंतरच्या उशिरावर तो उपाय नाही. उगाच केलेल्या क्युरेटिंगने आतल्या अस्तराला इजा होऊ शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि मग खरंच अडचण उभी राहते. अंगारे-धुपारे आणि भगताच्या जडीबुटीबद्दल एवढंच सांगते की त्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. इंजेक्शन बंद केल्यापासूनच फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू करा, रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाचा मेंदू आणि मणका पहिल्या काही आठवड्यांतच आकार घेतो, बहुतेक वेळा बाईला दिवस राहिल्याचं कळायच्या आधी. हिमोग्लोबिन तपासून घ्या. वर सांगितलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांचं रक्त कमी आढळलं होतं. साखर, रक्तदाब, थायरॉइड तपासा. विदर्भातल्या आणि नंदुरबार-पालघरकडच्या जोडप्यांनी सिकलसेलची तपासणी दोघांनीही करून घ्यावी. इंजेक्शनच्या काळात हाडांतलं कॅल्शियम थोडं कमी होतं, ते सोडल्यावर भरून येतं. नाचणी, दूध, तीळ, पालेभाज्या पानात असू द्या. वजन वाढलं असेल तर चालणं सुरू करा.

आणि मिशरी सोडा. दात घासायच्या निमित्ताने दिवसातून चार वेळा तोंडात जाणारी मिशरी म्हणजे तंबाखूच आहे. दिवस राहण्यात तिची अडचण होते आणि राहिल्यावर बाळाचं वजन कमी भरतं. नवऱ्यानेही गुटखा, बिडी, सिगारेट, दारू बंद करावी, कारण या सगळ्याचा त्याच्या वीर्यावर परिणाम होतो.

संबंध कधी ठेवायचे याचा फार ताण घेऊ नका. बीज सुटल्यावर जेमतेम एक दिवस जगतं, पण पुरुषाचे शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकतात. दर दोन-तीन दिवसांनी संबंध आला की पुरे. पाळीच ठिकाणावर नसताना तारखा मोजत बसण्यात अर्थ नाही.

वाट पाहणं कधी थांबवायचं

धीर धरा म्हणजे वर्षानुवर्षं बसून राहा असं नाही. तुमचं वय पस्तिशीच्या आत असेल, संबंध नियमित असतील, आणि शेवटच्या इंजेक्शनला दीड वर्ष होऊनही दिवस राहिले नसतील, तर दोघांनीही तपासणीला जावं. तोवर इंजेक्शनचा असर संपलेला असतो आणि दुसरं काही कारण आहे का हे पाहण्याची वेळ आलेली असते.

काहींनी एवढंही थांबू नये. वय पस्तिशीच्या पुढे असेल तर इंजेक्शन सोडतानाच स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. इंजेक्शन घेण्याआधीही पाळी दोन-दोन महिन्यांनी येत असेल, पूर्वी क्षयरोग झाला असेल, ओटीपोटात दुखून ताप आणि वास येणारा पांढरा स्राव जात असेल, गर्भ नळीत राहिला म्हणून ऑपरेशन झालं असेल, तर लवकर दाखवा. क्षयरोग फुप्फुसाबरोबर गर्भनलिकांनाही धरतो, आणि आपल्याकडे नळ्या बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे. नवऱ्याला लहानपणी अंडकोषाचा त्रास किंवा ऑपरेशन झालं असेल, तर तेही सांगा.

तपासणी सुरू होईल तेव्हा पहिल्याच दिवशी नवऱ्याच्या वीर्याची तपासणी करून घ्या. ती साधी आहे, त्यात सुई नाही, भूल नाही. मूल राहत नाही अशा जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडच्या कारणाचाही वाटा असतो. तरी आपल्या घरांतून बाईच्या सोनोग्राफ्या, बाईच्या नळ्यांचे फोटो, बाईचे उपवास सगळं होऊन जातं, आणि नवऱ्याचा नंबर शेवटी लागतो. हा अन्याय आहे, आणि त्यात अमूल्य वेळही जातो.

घरातल्यांना आणि दवाखान्यातल्यांना

सासूबाई, तुमच्या सुनेने इंजेक्शन घेतलं ते बहुधा दोन मुलांत अंतर राहावं, पहिल्याला पोटभर दूध मिळावं म्हणून. तिला टोमणे मारू नका, हळदीकुंकवाला ‘अजून काही नाही का?’ असं चारचौघींत विचारू नका. नवरोबांनो, इंजेक्शनचा निर्णय दोघांचा असेल तर वाट पाहणंही दोघांचं आहे. कुणी बायकोला बोललं तर उत्तर तुम्ही द्या. शेवटच्या इंजेक्शनची तारीख तुम्हालाही पाठ असू द्या.

डॉक्टर, नर्सताई, आशाताई, तुम्हाला हात जोडून विनंती आहे. पहिलं इंजेक्शन भरण्याआधी तीन वाक्यं बोला: पाळी अनियमित होईल किंवा थांबेल. सोडल्यावर दिवस राहायला सरासरी दहा महिने लागतील. लवकर मूल हवं असेल तर दुसरं साधन आहे. हैदराबादजवळच्या पाटनचेरूला १९८५ साली नेट-एन या दुसऱ्या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीसाठी बायांना नीट माहिती न देता गोळा केलं, म्हणून स्त्री संघटना चिडून उठल्या आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. बाईला सगळं सांगा आणि मग तिला ठरवू द्या, हे त्यांचं म्हणणं तेव्हाही रास्त होतं आणि आजही आहे. आधी सांगितलेला उशीर बाई धीराने काढते. न सांगितलेल्या उशिरात तिला आपली फसवणूक दिसते, आणि मग ती एका चांगल्या साधनाला घाबरते, शेजारणीलाही घाबरवते.

तेव्हा, तायांनो, आज एवढं करा. कार्ड शोधा, शेवटच्या इंजेक्शनची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तिथून दहावा आणि अठरावा महिना मोजून त्यांवर खूण करा. पहिल्या खुणेपर्यंत निर्धास्त राहा, दुसऱ्या खुणेपर्यंत धीर धरा, आणि ती ओलांडली तर दोघं मिळून दवाखान्यात जा.